नानची शपथ

दारिकानं नान हातात धरून शपथ घेतली होती आणि तिसऱ्या दिवशी ती मोडली. तीही गुपचूप नाही, आमच्या नात्यातल्या तीसेक बायकांसमोर, भरल्या पंगतीत. आज या गोष्टीला आठ वर्षं झाली. तरी अजून ताटात गरम नान आली की पहिल्यांदा मला तोच दिवस आठवतो आणि अजून थोडा रागच येतो.

आम्ही कोचकोरच्या, डोंगरातल्या गावच्या. तिथे नानची शपथ घेतली की पुढे काही बोलायचं उरत नाही. कुराणावर हात ठेवून खोटं बोलणारे मी पाहिलेत, पण नान हातात धरून बोलणारा कोणी पाहिला नव्हता. "मोडली तर नान मारो मला," असं म्हणायचं, एक तुकडा तोडून खायचा, आणि ती गोष्ट तिथेच पोटात जाते. दारिका आणि मी पहिलीपासून एका बाकावर. तिचा माझ्यावर आणि माझा तिच्यावर इतका विश्वास होता की शपथ घ्यायची वेळच कधी आली नव्हती. त्या नोव्हेंबरात मी ती घ्यायला लावली.

पण आधी माझ्या गळ्याची गोष्ट सांगते, कारण खोटेपणा तिथून सुरू झाला.

मी सोळा वर्षांची होते. त्या वसंतात मला झोप येईनाशी झाली, आणि गंमत म्हणजे झोपेची गरजही वाटेना. मी आमच्या घरातली सगळी लोकर बाहेर काढली, नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, सहा गालिचे एकदम कापायला घेतले, मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन त्यांना सांगितलं की उन्हाळ्यात माझं प्रदर्शन पॅरिसला आहे, तेव्हा परीक्षा पुढे ढकला. मला ते खरं वाटत होतं. लोक हसले, मीही हसले. जूनमध्ये सगळं उतरलं. अंथरुणातून उठून तोंड धुणं हे डोंगर चढण्याइतकं अवघड झालं. सहाही गालिचे अर्धे कापलेले तसेच पडले.

आपा, म्हणजे माझी आई, मला राजधानीत, बिश्केकला घेऊन गेली. डॉक्टरबाई शांत होत्या. म्हणाल्या, हा मनाच्या चढ-उताराचा आजार आहे, रक्तदाबासारखाच खरा आजार, औषधानं ताब्यात राहतो. गोळ्या मला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. आणि घरच्यांनी, शाळेनं, मैत्रिणींनी लक्ष ठेवायचं, कारण या वयात धोका असतो. आपानं मान डोलावली. परतीच्या वाटेवर, बूमच्या घाटात गाडी थांबवून, तिनं मला बजावलं: कोणी विचारलं तर गलगंडासाठी गेलो होतो.

आमच्याकडे निम्म्या बायकांना गलगंड आहे, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं. दुसऱ्या दिवसापासून शेजारपाजारच्या बायका माझा गळा चाचपायला लागल्या. एकीनं समुद्रातली वाळलेली वनस्पती आणून दिली, एकीनं अक्रोडाचा काढा. मामानं आयोडीनच्या मिठाचं अख्खं पोतं पाठवलं. अब्बा परदेशात, नोवोसिबिर्स्कला ट्रक चालवायचे. त्यांनाही फोनवर गलगंडच सांगितला होता. मी आणि आपा रात्री जेवताना त्या पोत्याकडे बघून हसायचो. तेव्हा मला ते खोटं आमच्या दोघींचं, प्रेमाचं वाटलं होतं. मुलीचं नाव मनोरुग्णांच्या नोंदीत जाऊ नये, उद्या कोणी सोयरीक मोडू नये, म्हणून आई खोटं बोलते, त्यात काय वाईट? गोळ्या चहाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असायच्या. रोज सकाळी आपा एक गोळी माझ्या तळहातावर ठेवायची. मी न बघता गिळायचे.

ऑगस्ट चांगला गेला. सप्टेंबरात पुन्हा घसरण सुरू झाली. ऑक्टोबर कसा गेला ते सांगता येत नाही, सांगायचंही नाही. आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी मला अचानक हलकं वाटलं. मी उठले, केस धुतले, आपाला चहा करून दिला.

हा हलकेपणा बरं झाल्याचा नव्हता. मी मरायचं ठरवलं होतं. माझ्या डोक्यानंच मला सांगितलं होतं की आता दुसरा रस्ता नाही, आणि मी ते ऐकलं. कोणाला दगाबाज म्हणायचं तर पहिल्यांदा त्या डोक्याला म्हणायला हवं. ते माझ्याच आवाजात बोलत होतं, म्हणून मला संशय आला नाही. आपाला वाटलं, पोर बरी झाली. तिनं त्या दिवशी बोरसोक तळले, सणाला करतात ते कणकेचे फुगीर तुकडे.

मग मी वस्तू वाटायला सुरुवात केली.

आमच्यात वस्तू देण्याचं कौतुक फार. नवी वस्तू दाखवली तर काही द्यायचं, आनंदाची बातमी आणली तर द्यायचं, पाहुण्यानं एखाद्या गोष्टीची तारीफ केली तर ती त्याच्या हातात ठेवायची. हात घट्ट असणाऱ्याची गावात चेष्टा होते. म्हणून मी चुलतवहिनीला, झेंगेला, माझी चांदीची कर्णफुलं दिली, तेव्हा तिनं दोन्ही तळवे वर करून मला दुवा दिली. माझा कोमुझ, तीन तारांचं वाद्य, शेजारच्या मुलीला दिला. नवे बूट मामेबहिणीला. निळी शाल, हातमाग, लाकडी पेटी. प्रत्येक वेळी तेच. तळवे वर, तोंडावरून हात, "मन मोठं आहे हो पोरीचं." आपाची मान ताठ झाली होती. कोणी तिला म्हणालं, झामिरा, मुलगी आजीवर गेली. आपा दिवसभर तेच सगळ्यांना सांगत होती.

कोणालाच वाटलं नाही की सोळा वर्षांची मुलगी हिवाळ्याच्या तोंडावर नवे बूट का देते. प्रत्येकीला आपल्यापुरती एक वस्तू माहीत होती.

शेवटची राहिली होती नक्षीची वही. दहाव्या वर्षापासून मी तिच्यात गालिच्यांच्या नक्ष्या काढत आले होते. ती मी दारिकाला दिली. आणि तिथे फसले, कारण दारिकाला सरळ रेघसुद्धा मारता येत नाही.

तिनं वही उलटसुलट करून पाहिली. म्हणाली, "मला ही कशाला? मी हिच्यावर चहाचा कप ठेवेन, दुसरं काय करणार?"

"ठेव मग कप."

"बेरमेत, तू बूट कोणाला दिलेस?"

तिनं इतकं सरळ माझ्याकडे पाहिलं की मला सांगावंसं वाटलं. महिनाभर कोणाला काही सांगितलं नव्हतं. मी आत जाऊन नान आणली, तिच्या हातात दिली आणि म्हटलं आधी शपथ घे. तिनं घेतली, तुकडा खाल्ला. मग मी सांगितलं. गळ्याचं खोटं सांगितलं, बिश्केकचं सांगितलं, आणि हिवाळा संपलेला मी बघणार नाही हेही सांगितलं. ती रडली नाही. तोंडातला घास तिनं फार वेळ चावला. मग वही काखेत मारून घरी गेली.

पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. दुसऱ्याच दिवशी ती आपाकडे गेली होती, म्हणजे शपथ खरं तर तेव्हाच मोडली होती. आपानं तिला चहा दिला, साखर दिली आणि सांगितलं की गलगंड असला की मुली असं काहीबाही बोलतात, आता तर ती हसतेय, तू गावभर करू नकोस. मग दारिका वर्गशिक्षिकेकडे गेली. बाई घाबरल्या. म्हणाल्या, लेखी दिलं तर शाळेवर चौकशी बसेल, पुढच्या आठवड्यात तपासणी आहे, ती होऊ दे, मग बघू. आपा आणि बाई, दोघीही मोठ्या, शहाण्या, आणि दोघींनीही सोळा वर्षांच्या पोरीच्या हातात तिची गोष्ट जशीच्या तशी परत ठेवली.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. झेंगेच्या बाळाचा तुशो तोय होता. मूल चालायला लागलं की त्याच्या पायाला बांधलेली दोरी कापतात, त्याची जेवणावळ. दुपारची वेळ, बायकांची खोली वेगळी, जमिनीवर अंथरलेलं दस्तरखान ताटांनी भरलेलं. मी चहा ओतत होते. आमच्यात कप अर्धाच भरतात, म्हणजे पाहुण्याला पुन्हा मागता येतो, आणि ओतणारी दिवसभर वाकलेलीच राहते. मला त्या दिवशी ते बरं वाटत होतं. कोणाच्या डोळ्यांत बघावं लागत नव्हतं.

दारिका आत आली. तिला बोलावणं नव्हतं. तिनं बूटही काढले नव्हते. दस्तरखानाच्या कडेला वाकून तिनं माझी वही नान आणि मांसाच्या ताटाच्या मधे ठेवली. दिलेली वस्तू परत करणं हा आमच्यात केवढा अपमान, हे त्या खोलीतल्या वर्षाच्या बाळालासुद्धा कळलं असतं. बायकांचं बोलणं थांबलं.

"ही मला बेरमेतनं दिली," दारिका म्हणाली. "या महिन्यात तिनं अजून कोणाकोणाला काय दिलं?"

मग झेंगेनं कानाला हात लावला. "मला कर्णफुलं." मामेबहीण म्हणाली बूट. शेजारीण म्हणाली कोमुझ, आमच्या पोरीला. शाल, पेटी, माग. एकेक आवाज येत गेला आणि प्रत्येक आवाजाबरोबर खोलीतली हवा जड होत गेली. सगळ्यांनी आपापली दुवा आठवली असणार.

आपा उठली. "जळते ही पोरगी माझ्या मुलीवर. काढा हिला बाहेर."

दारिका हलली नाही. "नान धरून शपथ घेतली होती की सांगणार नाही. तरी सांगते. मला काय व्हायचं ते होऊ दे. तिला मरायचंय. तिला गलगंड नाही, कधीच नव्हता. मी दोघींना सांगून बघितलं, कोणी ऐकलं नाही."

किटली माझ्या हातात होती. मला आठवतं, मला सगळ्यात आधी लाज नाही वाटली, राग आला. तिनं केसानं गळा कापला होता माझा. ज्या एका माणसापाशी मी खरं बोलले, तिनंच ते खरं पंगतीत वाढून टाकलं. मी तिच्या अंगावर ओरडले की तुला नान मारो, तू मरशील, आणि लोकांनी आयुष्यात ऐकले नसतील असे शब्द वापरले.

तेव्हा तुर्सुन एजे, म्हणजे तुर्सुनताई, उठल्या. त्या आमच्या गावच्या दवाखान्यातल्या नर्स. जाड, घोगऱ्या आवाजाच्या, पोरं त्यांना सुईसकट घाबरायची. त्यांनी आधी माझ्या हातातली किटली काढून घेतली. मग मला बाजूच्या खोलीत नेऊन खाली बसवलं, स्वतः समोर बसल्या, आणि जे आजवर कोणीही विचारलं नव्हतं ते सरळ विचारलं.

"बेरमेत, तू मरायचा विचार करते आहेस?"

आवाज चढवला नाही. पोट दुखतं का विचारावं तसं विचारलं. मी एवढी चिडलेली असूनही "हो" म्हणाले. ते म्हणताच मला रडू फुटलं, आणि ते बराच वेळ थांबलं नाही. त्यांनी थांबवायचा प्रयत्नही केला नाही. "बरं केलंस सांगितलंस," एवढंच म्हणाल्या. "आता आज तुला एकटी सोडणार नाही. चिडलीस तरी नाही."

मग आपाकडे वळून त्यांनी विचारलं, औषध काय चालू आहे. आपा सवयीनं गलगंड म्हणाली.

"झामिरा, वीस वर्षं मी या गावाचे गळे बघतेय," तुर्सुन एजे म्हणाल्या. "या पोरीचा गळा माझ्यापेक्षा बरा आहे. गोळ्या आण."

आपानं घरून डबा आणला. त्यांनी एक गोळी काढून खिडकीशी धरली, मग दातांत फोडून चव बघितली. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळेना. मग त्यांनी आपाला विचारलं, "किती दिवस?"

आपा खाली बसली. "सप्टेंबरपासून."

त्या आयोडीनच्या गोळ्या होत्या. सप्टेंबरपासून रोज सकाळी माझ्या आईनं माझ्या तळहातावर आयोडीन ठेवलं होतं. ऑगस्टमध्ये मी बरी दिसले. मग नात्यातल्या कोणीतरी विचारलं की ही गोळी कसली, आणि आपाला वाटलं, बरी झालीच आहे तर कशाला, पुढे लग्नाचं बघायचंय. मला सांगितलं असतं तर मी भांडले असते. म्हणून सांगितलं नाही. डॉक्टरबाईंना फोन केला नाही. खोटं इतकं नीट बसलं होतं की तिनं औषधही खोट्याला शोभेलसं आणलं.

मी दारिकावर ओरडले होते. आपावर मला ओरडता आलं नाही. ती माझ्या पायाशी बसली होती आणि तिचे हात त्या डब्यावर होते. मला फक्त आठवलं की ऑक्टोबरभर मी स्वतःला किती शिव्या घातल्या, की औषध घेऊनही मी सुधारत नाही, म्हणजे मीच नासकी आहे.

त्याच दुपारी तुर्सुन एजेंनी भाच्याची गाडी मागवली. बिश्केकपर्यंत त्या माझ्या शेजारी बसल्या, आपा पुढे. मी साडेपाच आठवडे दवाखान्यात होते. डॉक्टरबाई आपावर रागावल्या नाहीत, याचाही मला राग आला. त्यांनी औषध पुन्हा सुरू केलं, हळूहळू वाढवलं. मग एक दिवस मला वही-पेन देऊन लिहायला लावलं. पुन्हा तसे विचार आले तर सगळ्यात आधी कोणाला सांगशील? ती भेटली नाही तर कोणाला? घसरण सुरू होते तेव्हा तुला स्वतःला आधी काय जाणवतं? मी लिहिलं, अंघोळ नको वाटते. आणि मग अचानक हलकं वाटतं, तेही लिहिलं. त्या म्हणाल्या, हे तुझ्या आईला वाचून दाखव. मी दाखवलं. ती ऐकत असताना एकदाही मधे बोलली नाही.

गोळ्या तेव्हापासून तुर्सुन एजेंकडे राहिल्या. आठवड्याच्या आठवड्याला मी स्वतः जाऊन आणायची. अब्बा नोवोसिबिर्स्कहून आले. त्यांना खरं आपानंच सांगितलं, माझ्यासमोर.

जानेवारीत घरी आले तेव्हा वस्तू परत यायला लागल्या. झेंगे कर्णफुलं घेऊन आली, ओशाळल्यासारखी दारात उभी राहिली. दिलेली दुवा परत कशी घ्यायची हे तिला माहीत नव्हतं, मलाही नाही. ती आत आली, तासभर मेंढ्यांबद्दल बोलली आणि गेली. मग शालवाली आली, पेटीवाली आली. कोमुझवाली मुलगी तर वाजवायला शिकली होती, तिच्याकडेच ठेव म्हटलं. कोणालाच काय बोलावं कळत नव्हतं, पण येत राहिल्या. आधी मला तो पहारा वाटला. फेब्रुवारीत एका मंगळवारी कोणी आलं नाही तेव्हा मी खिडकीपाशी जाऊन बसले होते.

फक्त दारिका आली नाही. शाळेत तिनं बाक बदलला. मी तिच्याशी बोलले नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. मला जगवलं म्हणून तिचे आभार मानावेत असं सगळ्यांना वाटत होतं, आणि म्हणूनच मला ते जमत नव्हतं. माझं गुपित तिनं माझ्या हातातून काढून गावाला वाटलं होतं. बाजारात बायका माझ्याकडे बघून आवाज खाली घेत होत्या. ते सगळं मला रोज सोसावं लागत होतं, तिला नाही, असं मी समजत होते.

मार्चमध्ये, नोरुझच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाच्या आठवड्यात, तिची आई आमच्याकडे आली. काही मागायला आल्यासारखी बसली होती. मग म्हणाली, "दारिका नान खात नाही. नोव्हेंबरपासून. बटाटे खाते, भात खाते, नानला हात लावत नाही. रागावून पाहिलं, मारून पाहिलं. म्हणते, नान मला मारेल."

आमच्याकडे नान न खाता चार महिने काढणं म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. सकाळी नान, दुपारी नान, पाहुणा आला की नान. प्रत्येक वेळी ती उठून गेली असणार. आणि मला एक गोष्ट तेव्हा पहिल्यांदा कळली, की तिनं शपथ फालतू समजून मोडली नव्हती. तिचा त्या शपथेवर माझ्याइतकाच विश्वास होता. नान आपल्याला मारणार असं पक्कं माहीत असून ती त्या दस्तरखानापाशी आली होती.

मी आपाला तंदूर पेटवायला सांगितलं. गरम नान फडक्यात गुंडाळून दारिकाच्या घरी गेले. ती अंगणात लोकर पिंजत होती, वाईट पिंजत होती, नेहमीसारखी. मला बघून उभी राहिली.

"मी तुला माफ केलेलं नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"तू शपथ मोडलीस."

"पुन्हा घ्यायला लावलीस तर पुन्हा मोडेन," ती म्हणाली. मग फडक्याकडे बघून एक पाऊल मागे सरकली.

मी नान तोडली, तुकडा तिच्यापुढे धरला. तिचे हात पाठीमागे होते.

"मारेल," ती हळूच म्हणाली.

"शपथ मला दिली होतीस. मी इथे उभी आहे, मीच सोडवते. खा."

तिनं तुकडा घेतला. चावताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नाकातूनही, आणि ती ते पुसत नव्हती. माझा राग गेलेला नव्हता. पण नान गरम होती, म्हणून मी तिथेच पायरीवर बसले. दुसरा तुकडा तिनं स्वतःच तोडून घेतला.